प्रमोशन झालंय, बॉस!

रात्रीचे साडेअकरा. ऑफिसचा शीण घालवायला ऑनलाइन गेम लावलात. लागोपाठ तीन मॅचेस खिशात, कॉलर टाइट! आणि चौथ्या मॅचला समोरच्यांनी असं धुतलं की विचारू नका. नशीब फुटकं? छे हो, हे गणित आहे.

मूळ बुद्धिबळातलं. अर्पाद एलो या अमेरिकेतल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांची रेटिंग पद्धत ‘फिडे’नं १९७० मध्ये स्वीकारली. जिंकलात की आकडा वर, हरलात की खाली. २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० बरोबर मायक्रोसॉफ्टचं ‘ट्रूस्किल’ आलं. ते तुमचा आकडा तर ठेवतंच, शिवाय त्या आकड्याची आपल्याला किती खात्री आहे, हेही ठेवतं. म्हणून नवख्याचा आकडा भराभर हलतो, जुन्याचा जेमतेम.

आकडा वाढला की प्रतिस्पर्धीही तगडा. ‘रोज फायनलच खेळायची का?’ ही कुरकुर खरीच. पण ही जोडणी काढली, तर नवखे रोज मार खाणार आणि गेम सोडून जाणार. मग मार खायची पाळी त्यांच्या वरच्यांची. म्हणजे एक दिवस तुमचीच!

खरी मेख पुढेच आहे. तुम्ही कितीही सुधारलात, तरी निम्म्याच्या आसपास मॅचेस हरणारच. तेव्हा किती हरलात ते मोजू नका, कोणाकडून हरताय ते बघा. सहा महिन्यांपूर्वी ज्यांनी धुतलं, त्यांच्याशी आज थोडक्यात हरताय?

मग प्रमोशन झालंय, बॉस. फक्त लेटर मिळालेलं नाही.