धावताय, तर कुणासाठी?

डिसेंबर जवळ आला की वसईतल्या गास-सनसिटी रस्त्यावर पहाटेच धावणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. २०११पासून वसई-विरार मॅरेथॉनने आपल्याला हे वेड लावलंय. यंदा हा घाम निर्वासितांच्या आणि छळपीडितांच्या कामी यावा, असं आम्हाला वाटतं.

‘त्यांचा नि गासचा काय संबंध?’ असं कुणी विचारेलच. संत गोन्सालो गार्सिया आपल्याच वसईचे. १५९७च्या जानेवारीत जपानमध्ये त्यांचा कान कापला, धिंड काढली, भर हिवाळ्यात सुमारे महिनाभर क्योटोहून नागासाकीपर्यंत चालवत नेलं आणि ५ फेब्रुवारीला क्रुसावर मारलं. दरवर्षी आपण त्यांचा सण थाटात करतो, मग आजच्या छळपीडितांकडे पाठ कशी फिरवायची?

छळ आजही पायांवर उतरतो. तळव्यांवर काठ्या मारण्याचा प्रकार अनेक देशांत चालतो. वळ विरतात, पण चालताना वर्षानुवर्षं कळ येते. अशा माणसाला फिजिओथेरपी लागते, समुपदेशक लागतो, बऱ्याचदा वकीलही. भारताने छळविरोधी करारावर १९९७मध्ये सही केली, पण मान्यता दिलेली नाही. १९५१च्या निर्वासित करारावर तर सहीसुद्धा नाही. मग भार संस्थांवर पडतो. जेझुइट रेफ्यूजी सर्व्हिस १९८०पासून निर्वासितांसाठी राबते आहे. वाराणसीची पीपल्स व्हिजिलन्स कमिटी छळपीडितांसोबत काम करते.

तुम्ही धावलेल्या किलोमीटरमागे एका घराने १० रुपये दिले तर पूर्ण मॅरेथॉनचे होतात ४२२. लग्नातल्या आहेराच्या पाकिटात याहून जास्त जातात. धावणाऱ्यांनो, आपापल्या आळीतली दहा घरं गाठा. पैसे थेट यांपैकी एखाद्या संस्थेच्या खात्यात भरायला सांगा आणि पावती मागायला लाजू नका.