पेडल दगडासारखं झालं म्हणून ब्रेक चांगला होत नाही



आज भेंडीवर लिहिणार होतो. तोडा दिवसाआड चालू आहे, दोन सऱ्यांत पिवळ्या शिरांचा केवडा दिसलाय, पण ते पुढच्या नोंदीत. आज गाडीवर लिहितो. गेल्या आठवड्यात पहाटे चारला कल्याण मार्केटला माल नेताना आमची पिकअप रायते पुलाच्या अलीकडं पुढच्या टेम्पोपासून हातभर अंतरावर कशीबशी थांबली. मागं दीड टन भेंडी-काकडी, पुढं पुतण्या आणि मी. त्यानं दोन्ही पाय पेडलवर दिले होते, मी डॅशबोर्ड धरून बसलो होतो.

आणि त्याच ब्रेकचं तो आधी दोन आठवडे कौतुक करत होता. "काका, पेडल बघा, दगडासारखं झालंय."

झालं असं. पुतण्याचे डोंबिवलीचे मित्र आपापल्या छोट्या गाड्यांना काय काय लावून घेतात. कल्याण-शीळ रस्त्यावर असल्या सामानाची दुकानं आहेत. तिथं एकानं याला सांगितलं, तुझ्या गाडीचा ब्रेक खाली जातो कारण पेडल दाबलं की मास्टर सिलेंडर पुढं सरकतो. त्याला पुढून दांडीचा टेका दिला की पेडल घट्ट. इंजिन हलतंय ना, त्यालाही एक डॅम्पर लाव, तो मागवून देतो. दांडीचे साडेचार हजार घेतले, बोल्ट आवळला, पेडल खरंच थोडं वर आलं. पोरगं खूश. मीही काही बोललो नाही, ती माझी चूक.

आता दुकानदार सगळंच खोटं बोलला का? नाही, आणि हे आधी सांगायला पाहिजे, नाहीतर खाली कमेंटमध्ये पोरं मला अडाणी ठरवतील. इंजिन आणि केबिन यांच्या मधला जो पत्रा असतो त्यावर बूस्टर बसवलेला असतो आणि बूस्टरच्या नाकावर मास्टर सिलेंडर. जोरात पेडल दाबलं की तो पत्रा किंचित वाकतो आणि सिलेंडर पुढं जातो. पत्रा पातळ असेल, गाडी जुनी असेल तर बॉनेट उघडून डोळ्यांनी दिसतं. टेका दिला की ते सरकणं कमी होतं आणि पायाला घट्ट लागतं. शर्यतीच्या गाड्यांना हे लावतात. तिथं ड्रायव्हरला शेवटच्या क्षणी ब्रेक तोलून मारायचा असतो, पायाला नेमकी जाणीव हवी असते.

पण पत्रा वाकण्यानं काय वाया जातं ते नीट बघा. वाया जाते पेडलची चाल. पायाचा जोर वाया जात नाही. पत्रा वाकून थांबला की तुमच्या पायाचा जेवढा जोर तेवढाच दाब ब्रेक ऑइलमध्ये तयार होतो, दांडी असो नसो. म्हणजे पेडल तळाला टेकत नसेल तर दांडीनं चाकावरचा ब्रेक एक गुंजभरही वाढत नाही. लायनर तेच, ड्रम तेच, टायर तेच आणि मागचं वजनही तेच. गाडी थांबते ती चाकाशी. पायाशी फक्त निरोप पोचतो.

आमच्या गाडीत तर तो निरोपच उलटा पोचला.

मिस्त्रीनं गाडी उभी करून आधी इंजिन बघितलं, ब्रेक नंतर. एका बाजूचं फाउंडेशनचं रबर फाटून दोन तुकडे झालेले. क्लच सोडला की इंजिन त्या बाजूनं उचललं जायचं. डिझेल गाडीत बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम इंजिनवरच्या पंपातून येतो, अनेक गाड्यांत तो पंप अल्टरनेटरच्या मागं असतो. तिथून बूस्टरपर्यंत एक रबरी पाइप जातो. पाइपाचं एक टोक हलणाऱ्या इंजिनवर, दुसरं केबिनच्या पत्र्यावर. इंजिन जास्त हलायला लागलं की पाइप ताणतो, घासतो. आमचा एका क्लिपपाशी घासून चिरला होता. व्हॅक्यूम गळला, बूस्टर मेला. आणि बूस्टर मेला की पेडल कसं होतं? दगडासारखं!

दोन आठवडे आम्ही ज्या घट्टपणाचं श्रेय दांडीला देत होतो तो ब्रेक मरत असल्याचा घट्टपणा होता. दांडी नसती तर पुतण्या पहिल्याच दिवशी म्हणाला असता, काका, पेडल कडक झालंय, काहीतरी बिघडलंय. पण साडेचार हजार दिल्यावर पेडल कडक होणारच, त्यासाठीच तर दिले होते.

आपल्याकडे हे नवीन नाही. मुळं कुजलेल्या झाडावर युरिया आणि टॉनिक मारायचं, चार दिवस पान हिरवं दिसतं, आपण दुसऱ्याला सांगतो भारी रिझल्ट आहे. आठव्या दिवशी झाड मान टाकतं. कृषी सहायक मंडळी इथं आहेत, त्यांनी हे किती शेतांत पाहिलंय ते त्यांनाच विचारा.

आता इंजिनाच्या डॅम्परबद्दल, कारण पुतण्याचा जीव त्यात अजून अडकलाय. आपल्या डोक्यात ट्रॅक्टर बसलेला असतो. ट्रॅक्टरचं इंजिन हलत नाही, कारण बहुतेक ट्रॅक्टरांत इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल एकमेकांना थेट बोल्टनं जोडलेले असतात, तोच त्याचा कणा. तिथं मध्ये रबर नसतं, म्हणून तर दिवसभर नांगरट केली की रात्री झोपेतही हात थरथरतात. टेम्पो-पिकअपचं तसं नाही. तिथं इंजिन मुद्दाम रबरावर ठेवलेलं असतं, थोडं हलावं म्हणूनच. 2005 साली आलेला टाटा एस घ्या, आपला छोटा हत्ती. त्याचं पहिलं डिझेल इंजिन 702 सीसीचं आणि दोनच सिलेंडरचं. ते थरथरणारच. ती थरथर रबरानं खायची असते. तुम्ही दांडीनं इंजिन बॉडीला बांधलं की तीच थरथर केबिनमध्ये, रेडिएटरच्या ब्रॅकेटमध्ये, ब्रेकच्या बारीक पाइपांत जाते. किती हललं तर ठीक आणि किती हललं तर रबर गेलं हे ओळखायला शिका. हललंच नाही पाहिजे हा हट्ट सोडा.

पिकअपवाल्यांनी आणखी एक बघावं. आपल्या गाड्यांची केबिन चासीवर वेगळ्या रबरांवर बसलेली असते. खड्ड्यात केबिन एका बाजूला जाते, चासी दुसऱ्या. मास्टर सिलेंडर केबिनवर. आता एखाद्या हुशार वेल्डरनं त्या दांडीचं दुसरं टोक चासीला किंवा इंजिनाला पकडलं, तर प्रत्येक खड्ड्यात दांडी मास्टर सिलेंडरला ढकलणार. म्हारळ ते शहाड पट्ट्यात पावसाळ्यात किती खड्डे असतात हे मी सांगायला नको. आमच्या दांडीचं टोक निदान केबिनच्याच पत्र्यावर होतं, तेवढं नशीब.

"पण काका, गाडी थांबायला काहीतरी तर करायला पाहिजे ना?" करायला पाहिजेच. पण सुरुवात मागच्या हौद्यापासून करा, बॉनेटपासून नको.

जुन्नर-ओतूरकडचा माल माळशेज उतरून कल्याणला येतो. हिशेब सोपा जावा म्हणून गाडी मालासकट 3 टन आणि उतार उभ्या मापानं 500 मीटर धरा. एवढं वजन एवढं खाली आणताना जी ऊर्जा निघते ती सुमारे 1 कोटी 47 लाख ज्यूल. तेवढ्या उष्णतेत साधारण 48 लीटर पाणी माठातल्या गारव्यापासून उकळीपर्यंत येईल. तीन हंडे! गिअरमध्ये उतरलात तर त्यातली बरीच उष्णता इंजिन खातं. डिझेल वाचवायला न्यूट्रलला सोडलीत तर वाऱ्याच्या आणि टायरच्या वाट्याचं सोडून सगळी लायनर आणि ड्रममध्ये जाते. मग गाडीवर अर्धा टन जादा टाकला की त्याच चुलीत आणखी लाकडं. आणि वेग दुप्पट केलात तर थांबवायची ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते.

ही उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत जाते. डॉट 3 ऑइल नवं असताना 205 अंशांच्या आत उकळता कामा नये, पण ते हवेतलं पाणी शोषतं, आणि पाणी मुरल्यावर हीच हमी 140 अंशांवर येते. डॉट 4 चं 230 आणि 155. आपल्या कोकणपट्टीत चार महिने पत्रावळ्याही ओल्या होतात, तर बाटली उघडी ठेवलेल्या ऑइलचं काय होणार! उकळलं की पाइपात वाफ, आणि पेडल बुडतं. त्या वेळी दांडी काय करणार? वाफ दाबायला मदत करणार?

वजनाचा मुद्दा निघाला की आपण सगळे खाली बघतो. मीही. पासिंग एक, भरतो भलतंच, कारण भाडं तेवढंच आणि दुसरी फेरी परवडत नाही. मोटार वाहन कायद्यात जादा वजनाला 20 हजार आणि वरच्या दर टनाला 2 हजार दंड लिहिलाय. त्याच कायद्याचं कलम 52 सांगतं की नोंदणीतल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल गाडीत करू नका. दांडी त्यात बसते की नाही यावर वकील भांडतील. पण अपघात झाल्यावर विम्याचा माणूस बॉनेट उघडून फोटो काढेल तेव्हा तुम्ही त्याला काय सांगणार ते आजच ठरवून ठेवा.

तपासणी फुकट आहे, घरी करा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा म्हणजे साठलेला व्हॅक्यूम संपेल. मग पाय पेडलवर तसाच दाबून ठेवून इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली सरकलं पाहिजे. नाही सरकलं तर बूस्टर, पंप किंवा पाइप गेलाय, ही गाडी माल भरून बाहेर काढू नका. पेडल मऊ लागतं आणि दोन-तीनदा मारल्यावर वर येतं तर पाइपात हवा आहे किंवा मागच्या ड्रमचं ॲडजस्टिंग सुटलंय. सिग्नलला पाय ठेवून उभे असताना हळूहळू बुडतं तर मास्टर सिलेंडरचे वॉशर गेले किंवा कुठंतरी ऑइल गळतंय. यातल्या एकाही दुखण्याला टेक्याची दांडी हे औषध नाही, आणि हवेचं किंवा ॲडजस्टिंगचं दुखणं तर ती लपवते.

फाउंडेशन बघायचं तर बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा, जाणत्या माणसाला आत बसवून पहिल्यात आणि रिव्हर्सला क्लच किंचित सोडायला सांगा. तुम्ही बाजूला उभं राहा, गाडीच्या पुढं किंवा मागं अजिबात नाही. इंजिन थोडं कलून परत बसलं तर ठीक. एका बाजूनं उचललं आणि धाडकन आपटलं तर रबर संपलं.

आमचं बिल सांगतो. दोन्ही बाजूंची फाउंडेशन रबरं, व्हॅक्यूम पाइप, नवं ऑइल, हवा काढणं, मागचे लायनर साफ करून ॲडजस्टिंग, मजुरीसकट दांडीपेक्षा बाराशे रुपये जास्त लागले. हे काम आधी केलं असतं तर दांडीचे साडेचार हजार वाचले असते. मिस्त्रीनं दांडी काढून हातात दिली. पेडल आता आधीपेक्षा किंचित मऊ लागतं. पुतण्या दोन दिवस कुरकुरत होता, मग परवा शहाड पुलाच्या उतारावर रिक्षा आडवी आली तेव्हा एका पायात गाडी थांबली. त्यावर तो काही बोलला नाही, मीही नाही.

दुकानदाराला फोन केला होता. म्हणाला, दांडीत तर काही दोष नाही ना? नाही, दांडी एकदम मजबूत आहे. डॅम्परची ऑर्डर रद्द कर म्हणालो, तर ॲडव्हान्स परत मिळणार नाही म्हणतो.

रविवारी तोडा नाही. पावसाआधी ज्यांना ब्रेक ऑइल बदलायचंय त्यांनी सकाळी गाड्या घेऊन आमच्या खळ्यावर या, मिस्त्री येणार आहे. ऑइलची बाटली सीलबंदच आणा, मागच्या वर्षीची अर्धी उरलेली नको.