इस्पितळातील ‘समाधान’ आणि आपला हक्क

सरकारी इस्पितळातून घरी परतणाऱ्या रोग्यास ‘आपण मिळालेल्या सेवेने समाधानी आहात काय?’ असे विचारण्याची प्रथा आता पडली आहे. केंद्र सरकारने २०१६ साली ‘मेरा अस्पताल’ ही योजना काढून दूरध्वनीवरून व संदेशाद्वारे रोग्यांची मते गोळा करण्यास आरंभ केला. हेतू स्तुत्य आहे. परंतु आपल्या वस्तीतील माणूस या प्रश्नाला बहुधा ‘होय’ म्हणून मोकळा होतो, ही गोष्ट मला चिंतेची वाटते. ज्याच्या आजोबांना वैद्य दुरूनच पुडी टाकीत असे, त्याला खाट मिळाली हेच अप्रूप! तो उपकार मानतो, आणि त्याचे उपकार मानणे सरकारी तक्त्यात उत्तम सेवेचा पुरावा म्हणून नोंदले जाते.

अमर्त्य सेन यांनी २००२ साली याच दोषाकडे लक्ष वेधले होते. आयुर्मानात केरळ पुढे, तरी आजाराच्या तक्रारी तेथेच अधिक. बिहारात आयुर्मान कमी आणि तक्रारीही कमी. ज्याला अधिक मिळण्याची आशाच नाही, तो कुरकुर कशी करणार?

काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत नमूद केली आहे. त्याची बाळंतीण पत्नी आजारी पडली. डॉक्टराने वस्तीत येण्याचे नाकारले. रोग्यास वस्तीबाहेर आणविले, थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्यास व नवऱ्याने पत्नीस दिला. परतही तो त्याच क्रमाने आला. फी देऊनही डॉक्टर पुन्हा फिरकला नाही आणि ती बाई मरण पावली. या शिक्षकाने मी असमाधानी आहे एवढेच लिहिले नाही. थर्मामीटर कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला हे त्याने लिहिले, आणि १९२९ च्या डिसेंबरात ते ‘यंग इंडिया’त छापून आले. साक्ष अशी असावी.

अमेरिकेत २००८ पासून ज्या पाहणीचे निष्कर्ष इस्पितळवार प्रसिद्ध होत आले आहेत, तीत परिचारिकांनी आपले म्हणणे किती वेळा लक्षपूर्वक ऐकले, असाही प्रश्न असतो. आपल्याकडे असे विचारले नाही तरी आपण तसेच सांगावे. डॉक्टराने हात लावून तपासले काय? औषध बाहेरून आणावयास लावले काय? आडनाव ऐकताच बोलण्याचा सूर बदलला काय? तारीख, वेळ व वॉर्ड यांसह हे लेखी द्यावे आणि प्रतीवर पोच घ्यावी.

याला कायद्याचे कारण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निर्णयाप्रमाणे जेथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात, तेथील रोगी ग्राहक ठरत नाही. ग्राहक न्यायालयाचे दार त्याला बंद आहे. म्हणून तो निराधार आहे असे मात्र नव्हे. १९९६ साली त्याच न्यायालयाने, आगगाडीतून पडलेल्या व अनेक सरकारी इस्पितळांनी परत पाठविलेल्या एका शेतमजुरास भरपाई देवविताना, वेळेवर उपचार न देणे हा घटनेच्या २१ व्या कलमाचा भंग होय, असे ठरविले. अस्पृश्यतेच्या कारणावरून इस्पितळात प्रवेश नाकारणे किंवा आत घेऊन भेदभाव करणे हा १९५५ च्या कायद्याच्या ५ व्या कलमाखाली गुन्हा आहे. धम्मदीक्षा घेतली म्हणून अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण सुटले, असे कोणी सांगितल्यास ते मानू नये. अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांचा समावेश १९९० सालीच त्या यादीत झाला आहे.