मुक्त प्रणाली कोणासाठी?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ची सर्वसाधारण देखभाल थांबविली. त्या दिवशी कोणाचा संगणक बंद पडला असे नव्हे. परंतु ज्यांची यंत्रे नव्या आवृत्तीच्या अटींत बसत नाहीत, त्यांच्यापुढे चालते यंत्र मोडीत काढण्याचा प्रश्न उभा राहिला. यंत्र आपले, पैसाही आपला; मात्र ते म्हातारे कधी झाले, हे ठरविणार दुसराच! अशा वेळी एक जुना वाद पुन्हा डोके वर काढतो. ज्या ऑपरेटिंग सिस्टिम कोणा एका कंपनीच्या कुलुपात नाहीत, त्या तंत्र न जाणणाऱ्या सामान्य माणसासाठी घडवाव्यात, की जाणकारांपुरत्याच ठेवाव्यात?

१९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ हा गाभा जगापुढे ठेवला. या दोहोंच्या संगमातून जी प्रणाली उभी राहिली, ती कोणीही वापरावी, तिची रचना वाचावी, बदलावी व इतरांस द्यावी, अशी मुभा आहे. २००४ मध्ये ‘उबुंटू’ने ती सामान्यांच्या घरी नेण्याचा विडा उचलला. मागेल त्याला तबकडी टपालाने फुकट धाडण्याचा उपक्रमही कित्येक वर्षे चालला. तरीही मेजावरच्या संगणकांत विंडोजचेच बहुमत राहिले.

जाणकारांचा पक्ष अगदीच टाकाऊ नाही. ते म्हणतात, आम्ही विनावेतन लिहितो ते आमच्या गरजेसाठी; नवख्यांच्या सोयीपायी आमच्या हातची हत्यारे का काढून घेता? २०११ मध्ये ‘ग्नोम’चे रूप पालटले, तेव्हा जुन्या वापरणाऱ्यांनी हीच तक्रार केली होती. शिवाय लोकप्रियता म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. आज घराघरांत जे अँड्रॉइड फोन आहेत, त्यांच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे. पण त्या फोनवर धन्याची किती सत्ता चालते, हे आपण जाणतोच.

हे सारे मान्य करूनही आम्ही असे म्हणू की, मूठभरांनाच उपभोगता येते ते स्वातंत्र्य अपुरे होय. दार सोपे केले म्हणून आतल्या खोल्या बुजवाव्या लागत नाहीत. मात्र केवळ दार सोपे करूनही भागत नाही. जर्मनीतील म्युनिच नगरपालिकेने २००३ मध्ये आपले हजारो संगणक लिनक्सवर नेण्याचे ठरविले आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे वळण्याचा निर्णय घेतला. कारणे अनेक होती. कर्मचाऱ्यांच्या अडचणी हे त्यांतले एक. उलट केरळात २००१ मध्ये सुरू झालेल्या शालेय संगणक-योजनेने पुढे मुक्त प्रणालीचा अंगीकार केला. त्या योजनेने यंत्रे वाटली, तसेच शिक्षकांनाही शिकविले आणि प्रणाली मल्याळममध्ये आणली. अडले तर विचारायला वर्गातच माणूस होता.

बडोद्याला ही रीत नवी नाही. १९१० साली सयाजीराव महाराजांनी बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास येथे बोलाविले. ग्रंथ सर्वांस खुले झाले, पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांत फिरू लागल्या. पण त्याचबरोबर ग्रंथपाल घडविण्याचे वर्गही निघाले. नुसती कपाटे उघडून वाचक तयार होत नाही, हे त्या राजाने ओळखले होते.

मुक्त प्रणालीच्या कर्त्यांनी हाच धडा घ्यावा. सामान्य माणूस हे त्यांचे लक्ष्य अवश्य असावे. पण त्याच्यासाठी झगमगीत पडद्याहून शेजारी बसून समजावणारा माणूस अधिक मोलाचा आहे. आपणही हात बांधून बसण्याचे कारण नाही. या प्रणालींचे मराठी रूप सुधारण्यास कोणा कंपनीची परवानगी लागत नाही. मराठी जाणणारा कोणीही ते काम अंगावर घेऊ शकतो. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या आपली भाषा जतन करणाऱ्या घरांना याहून उचित काम कोणते? माळ्यावर टाकलेला एखादा जुना संगणक खाली काढावा, घरातील जाणत्या मुलाने त्यावर मुक्त प्रणाली चढवावी आणि आजोबांच्या शेजारी तासभर बसावे. वादाचा निकाल तेथेच लागेल.