पुरुमेंताचा पैसा

शेअर बाजार चढतो तेव्हा त्याची चर्चा चव्हाट्यावर होते. तो कोसळला की ती माजघरात, दबक्या आवाजात होऊ लागते. सन २०२४ च्या सप्टेंबरअखेर मुंबई बाजाराचा निर्देशांक ८५ हजारांपलीकडे गेला, तेव्हा गोमंतकातील प्रवासी बसमध्येही त्याचे आकडे ऐकू येत. पुढील पाच महिन्यांत तो ७३ हजारांच्या घरात उतरला आणि बोलके लोक अबोल झाले. त्या फेब्रुवारीअखेर अंत्रुज महालातील एक निवृत्त मास्तर आमच्याकडे आले. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतील मोठा हिस्सा त्यांनी पुतण्याच्या सल्ल्यावरून, तेजीच्या ऐन भरात, समभागांत गुंतविला होता. त्यांचा प्रश्न एवढाच होता: "विकू की ठेवू?"

आम्ही अर्थशास्त्री नव्हे, आणि बाजार उद्या कोठे जाईल हे सांगणारा ज्योतिषी अद्याप जन्मास यावयाचा आहे. म्हणून आम्ही उलट विचारले, "मास्तर, हे पैसे तुम्हांला लागणार केव्हा?" तेव्हा कळले, की घराच्या छपराचे वासे वाळवीने पोखरले आहेत आणि पावसापूर्वी ते बदलणे भाग आहे. उरलेल्या रकमेची मात्र दहा वर्षे तरी निकड नव्हती. मासिक निवृत्तिवेतनावर दोघांचे भागत होते. छपरापुरती रक्कम तोटा सोसून मोकळी करावी, बाकीची घाबरून विकू नये, असे आमचे मत आम्ही सांगितले. त्यांनी तसेच केले.

मेच्या मध्यास निर्देशांक पुन्हा ८२ हजारांपलीकडे गेला. "थांबलो असतो तर छपराचा तोटा बराच भरून निघाला असता," असे मास्तर एकदा सहज म्हणाले. त्यात तक्रार नव्हती, तरी आम्हांस विचार करणे प्राप्त झाले. आमचा सल्ला चुकला काय?

चुकला असे आम्हांस वाटत नाही. पडझड सुरू असता ती किती काळ टिकेल हे कोणासही दिसत नसते. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर पोहोचलेला निर्देशांक मार्च २००९ मध्ये ८ हजारांच्या आसपास आला आणि पूर्वपातळी गाठावयास नोव्हेंबर २०१० उजाडले. महामारीच्या वर्षी, २०२० मध्ये, जानेवारीतील ४२ हजारांवरून तो २३ मार्च रोजी २६ हजारांच्या खाली घसरला, आणि त्याच नोव्हेंबरात पुन्हा वर आला. पण जपानचा निर्देशांक १९८९ अखेर ज्या शिखरावर होता, ते त्याने ओलांडले फेब्रुवारी २०२४ मध्ये. एकीकडे काही महिने, दुसरीकडे चौतीस वर्षे! पाऊस मात्र दरवर्षी जूनच्या सुमारास येतो. तो बाजारासाठी खोळंबत नाही. ज्या खर्चाची तारीख ठरलेली आहे, त्याचा पैसा तारीख नसलेल्या आशेवर टांगू नये, हाच येथील खरा बोध आहे.

'ठेवणे' याचा अर्थ डोळे मिटून बसणे असाही नव्हे. निर्देशांक सावरला म्हणून त्यातील प्रत्येक कंपनी सावरते असे नाही. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी हिशेब खोटे असल्याची कबुली दिली आणि एका दिवसात त्या समभागाचे तीन-चतुर्थांशाहून अधिक मूल्य नाहीसे झाले. म्हणून मंदीत प्रत्येक कागद हाती घेऊन स्वतःस विचारावे: हा आज माझ्याजवळ नसता, तर मी तो विकत घेतला असता काय? आपण दिलेली किंमत ही केवळ आपली आठवण आहे. कंपनीच्या भवितव्याशी तिचा संबंध नसतो.

सर्वांत घातक मोह तो तोटा झटपट भरून काढण्याचा. शंभराचे पन्नास झाले की पुन्हा शंभर होण्यास दुप्पट वाढ लागते. हे गणित मनुष्यास अधीर करते आणि मग तो कर्ज काढतो, किंवा 'फ्युचर्स-ऑप्शन्स'च्या वायद्यांकडे वळतो. मास्तरांच्या पुतण्यानेही, काकूंचे दागिने गहाण टाकून, हाच उपाय सुचविला होता. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, त्याआधीच्या तीन आर्थिक वर्षांत अशा व्यवहारांतील शंभरापैकी त्र्याण्णव व्यक्ती तोट्यात गेल्या. त्यांची एकूण हानी १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होती. कर्ज मंदी जाणत नाही, हे तर गोमंतकास वेगळे सांगावयास नको. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, ट्रक दारात उभे राहिले. हप्ते मात्र थांबले नाहीत.

आमच्या आज्या पावसाळ्यापूर्वी पुरुमेंत भरून ठेवीत. तांदूळ, सोले, मिरची, सुकी मासळी घरात आली की मगच उरलेल्या पैशाचा विचार होई. श्रावणात भाव उतरतील काय, याचा अंदाज बांधीत त्या रिकाम्या डब्यांसमोर बसत नसत. आजच्या गृहस्थाने हीच रीत पाळावी. येत्या काही वर्षांचा ठरलेला खर्च, आजारपणाची तरतूद आणि मुलांचे शिक्षण हे त्याचे पुरुमेंत होय. ते बाजारात नेऊ नये. त्यानंतर उरेल ते अवश्य न्यावे, अनेक ठिकाणी विभागून न्यावे, आणि पडझडीत धीराने सांभाळावे. धीर हा उपदेशाने येत नाही. घरात तरतूद असली की तो आपोआप येतो.

त्या पावसाळ्यात मास्तरांच्या घरात पाणी गळले नाही. छपरासाठी सोसलेला तोटा आम्ही त्यांच्या नफ्यातच धरतो.