स्वमग्न मुलाचा विमा

मेहरूण तलावावर सायंकाळी फिरावयास येणाऱ्या आपल्या व्यापारी मंडळींना गोदामाच्या विम्याची तारीख विचारा, तोंडपाठ असते. घरातील स्वमग्न मुलाच्या उपचारांचे काय, असे विचारले तर उत्तर येते, “मेडिक्लेम आहे ना!”

तो येथे फारसा उपयोगी पडत नाही. मेडिक्लेमची रचनाच मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे. स्वमग्न मुलाला दाखल व्हावयाचे नसते. त्याला आठवड्यातून काही वेळा, वर्षानुवर्षे, स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी हवी असते.

या गरजेच्या सर्वांत जवळ जाणारी योजना म्हणजे ‘निरामय’. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची ही योजना स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी आहे. संरक्षण वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत. वयाची अट नाही, विम्यापूर्वी वैद्यकीय तपासणी नाही, आणि दाखल न होता घेतलेल्या थेरपीचाही समावेश आहे. नोंदणीस काहीशे रुपये लागतात. मात्र लाखाची रक्कम निरनिराळ्या बाबींत विभागलेली असते; थेरपीच्या वाट्याला मर्यादित भागच येतो, तोही आधी पदरचे पैसे भरून मागाहून. एवढ्याने वर्ष भागत नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. बिले जपून ठेवण्याचे आपल्याला कोणी शिकवावयास नको.

दिव्यांगांसाठी स्वतंत्र पॉलिसी ठेवण्याचा आदेश विमा नियामकाने २०२३ मध्ये आरोग्य विमा देणाऱ्या कंपन्यांनाही दिला आहे. ती घेताना ‘दाखल न होता थेरपीचा खर्च मिळेल काय’ हे लेखी विचारावे.

या साऱ्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते, आणि नेमकी तेथेच आपली घरे अडतात. “मामाही उशिराच बोलला होता.” “बहिणीचे लग्न व्हावयाचे आहे, कागद कशाला?” कोणी पूर्वकर्माचा उदय म्हणून गप्प बसतात, पण कर्मसिद्धान्ताने पुरुषार्थ सोडावयास कधी सांगितले? थेरपी जितक्या लहान वयात सुरू होईल तितकी ती अधिक उपयोगी पडते. बहिणीच्या लग्नासाठी थांबलेली वर्षे त्या लेकराच्या खात्यातून वजा होतात.

२०१६ च्या कायद्यातील २१ दिव्यांगत्वांत स्वमग्नता आहे. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करावा. तपासणी शासकीय रुग्णालयात होते. पुढे जुन्या करपद्धतीत पालकांना ७५ हजारांची, तीव्र दिव्यांगत्व असल्यास सव्वा लाखाची वजावटही मिळू शकते. आपल्या सीएंना या आठवड्यातच विचारावे.