चाकाखाली : आवाज वळणात, बिल भलत्याच पार्टचे

गगनबावड्याच्या एका वाचकाने या आठवड्यात कोल्हापूरच्या गॅरेजचे बिल पाठवले आहे. दोन्ही लिंक रॉड, दोन्ही लोअर आर्म, व्हील अलाइनमेंट आणि मजुरी. तक्रार मात्र एकच होती. करूळ घाटाच्या वळणात स्टिअरिंग कापले की पुढून डाव्या बाजूने ‘खट्’ असा आवाज येतो. बिल भरून गाडी घरी आली आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याच मोठ्या वळणात तोच आवाज पुन्हा आला. शेवटी गावातल्याच एका मिस्त्रीने गाडी सपाटीवर उभी केली, मालकाला स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगितले आणि स्वतः चाकाआडच्या स्प्रिंगवर तळहात टेकवला. स्प्रिंग अडकत होती आणि झटका देऊन सुटत होती. दोष स्ट्रटच्या माथ्यावरच्या बेअरिंगमध्ये होता. बदललेल्या चार पार्टांपैकी एकाचाही त्याच्याशी संबंध नव्हता.

पैसे गेले याचे दुःख आहेच. त्याहून मोठी गोष्ट ही, की त्या गॅरेजने आवाज ऐकलाच नव्हता. कोल्हापुरातून कळे, साळवण, असळज अशी गाडी गगनबावड्यापर्यंत आणली तरी स्टिअरिंग पूर्ण कापावे लागेल असे वळण फारसे येत नाही. खरी वळणे गावाच्या पुढे, करूळ आणि भुईबावडा या दोन घाटांत आहेत. शहरातल्या ट्रायलमध्ये गाडी दोन स्पीडब्रेकरवरून जाते, थोडी खडखड ऐकू येते आणि लिंक रॉडचे नाव पुढे येते. ‘ट्रायल कुठे घेतली?’ हा प्रश्न या स्तंभाने अनेकदा विचारला आहे. तो पुन्हा विचारण्याची वेळ आली आहे.

हा घोळ इतक्या सहज का होतो, हे समजून घ्यायचे तर गगनबावडा आगारातल्या एसटीच्या पुढच्या चाकाशेजारी आपल्या मोटारीचे पुढचे चाक ठेवून बघावे. साध्या एसटीला पुढे अखंड ॲक्सल असतो. गाडीचे वजन पाट्यांवर, आणि चाक वळते ते किंगपिनभोवती. खड्ड्याचे काम एकाकडे, वळणाचे दुसऱ्याकडे. त्यामुळे आवाज खड्ड्यात आला तर फिटर आधी पाटे, त्यांच्या पिना आणि शॅकल बघतो; वळताना आला तर किंगपिन आणि टायरॉड बघतो. आवाज कधी येतो एवढे कळले, की निम्मा शोध संपतो. किंगपिनला ग्रीस निप्पल असते, वेळच्या वेळी ग्रीस मारले जाते आणि त्या निमित्ताने माणसाची नजर तिथे पोचते.

मोटारीत ही कामाची वाटणीच नाही. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ओळखला जाणारा स्ट्रट 1950 च्या सुमारास ब्रिटनमधल्या फोर्ड कॉन्सलमध्ये आला. भारतात तो घरोघरी पोचला 1983 च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेल्या मारुती 800 मुळे. आज बहुतेक लहान मोटारींना पुढे तोच असतो. त्याची हुशारी अशी, की स्प्रिंग, शॉकॲब्सॉर्बर आणि चाक वळण्याचा आस हे सगळे एकाच उभ्या दांड्यात बसवले आहे. जागा वाचते, वजन वाचते, खर्च वाचतो. पण चाक वळले की अख्खा स्ट्रट स्प्रिंगसकट वळतो आणि गाडीचे वजन पेलत त्याला वळू देण्याचे काम माथ्यावरचे ते लहानसे बेअरिंग करते. ते गंजले, त्यात चिखल गेला, की स्प्रिंग वळायला नकार देते, पिळली जाते आणि मग सुटते. एसटीत पाट्यांचा आवाज नुसत्या स्टिअरिंगच्या फिरण्याने येणार नाही. मोटारीत स्प्रिंगचा आवाज नेमका तेव्हाच येतो. वर मोटारीचे बहुतेक बॉल जॉइंट सीलबंद असतात. निप्पल नाही, ग्रीस नाही, म्हणून आवाज येईपर्यंत तिकडे कोणी वाकूनही बघत नाही.

फरक आणखी एका ठिकाणी आहे. एसटीचा चालक गाडी आगारात लावताना दोष लिहून देतो, आणि तो त्याच्या स्वतःच्या शब्दांत असतो. एसट्या वाटेत बंद पडतात आणि पार्टांवाचून अडून राहतात, हे गगनबावडेकरांना कोणी सांगायला नको. तरीही ज्याच्या हातात स्टिअरिंग होते त्याचे म्हणणे फिटरपर्यंत पोचण्याची पद्धत तिथे आहे. खासगी गॅरेजच्या जॉबकार्डावर मात्र ‘सस्पेन्शन नॉइज, चेक’ एवढेच लिहिले जाते. वळण, बाजू, चढ की उतार, हे सगळे काउंटरवरच गळून पडते.

आणि गगनबावड्याच्या माणसाला तर घाटच निदान करून देतो. पुढची चाके ओढणारी गाडी वैभववाडीहून करूळ चढताना वळणात चाकाच्या गतीने ‘कट-कट-कट’ करत असेल आणि तीच गाडी उतरताना, पाय ॲक्सिलरेटरवर नसताना गप्प राहत असेल, तर संशय ॲक्सलच्या बाहेरच्या जॉइंटवर घ्यावा. त्याचे रबरी बूट फाटलेले आणि रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेले बहुधा दिसतेच. उतारावर ब्रेक दाबताना एकच जड ‘धप्’ येत असेल तर लोअर आर्मचे बुश तपासावे. गाडी उभी असताना, नुसते स्टिअरिंग फिरवून आवाज येत असेल तर स्ट्रटचे बेअरिंग, टायरॉडचे टोक किंवा स्टिअरिंगचा जॉइंट. वळण नसतानाही बारीक खाचखळग्यांत खडखड होत असेल तेव्हा लिंक रॉडकडे वळावे. दोन्ही बाजूंचे लिंक सोडून हळू चालवून बघितले की पाच मिनिटांत खात्री होते.

जॅकवरची तपासणीही दोन माणसांचे काम आहे. चाक वर-खाली धरून हलवले आणि प्ले लागला, तर दुसऱ्याने ब्रेक दाबून धरावा. प्ले गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे हलवल्यावर प्ले लागला तर टायरॉड. एवढ्यासाठी कुठलेही महागडे यंत्र लागत नाही.

इथली हवाही विसरून चालणार नाही. याच जिल्ह्यात शिरोळला जेवढा पाऊस पडतो त्याच्या दहापट, पाच हजार मिलिमीटरच्या घरात, गगनबावड्यात पडतो. महिनोन्‌महिने ओल्या राहणाऱ्या स्प्रिंगचे खालचे वेटोळे, जिथे चिखल साचतो, तिथेच गंजते आणि तुटते. 2024 मध्ये करूळ घाट कामासाठी बंद झाला, तेव्हा वाहतूक भुईबावडा आणि फोंडा घाटाकडे वळली. अरुंद घाटात एवढ्या गाड्या गेल्यावर रस्त्याचे खड्डे वाढणार आणि गाड्यांचे बुश झिजणारच.

बुशचा विषय निघालाच आहे, तर मागच्या लेखांतली गोष्ट पुन्हा सांगणे भाग आहे. लोअर आर्मचा आडवा बोल्ट चाके लोंबकळत असताना, रॅम्पवर कधीही शेवटचा आवळू नये. बहुतेक आर्ममध्ये बोल्ट आवळला की बुशची आतली नळी त्याच जागी पकडली जाते. मग गाडी जमिनीवर आली की रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच बोल्ट आवळायचा असतो. अकाली फाटलेल्या बुशांपैकी बरेचसे या एका सवयीचे बळी आहेत, असे या स्तंभाचे ठाम मत आहे. या वाचकाचे नवे लोअर आर्म कसे आवळले गेले, हे बिलावर लिहिलेले नाही.

वर टायरॉडचे नाव आले आहे, म्हणून हेही सांगायला हवे. जुलै 2023 मध्ये मारुती सुझुकीने एस-प्रेसो आणि ईको या मॉडेलच्या 87,599 गाड्या स्टिअरिंगच्या टायरॉडमधल्या संभाव्य दोषासाठी परत बोलावल्या होत्या. तो भाग क्वचित तुटू शकतो आणि गाडीवरचा ताबा सुटू शकतो, असे कंपनीनेच कळवले होते. जुनी गाडी विकत घेतलेल्यांपर्यंत गाडी परत बोलावल्याची पत्रे बऱ्याचदा पोचत नाहीत. त्यांनी चासी नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चौकशी करावी.

स्ट्रटच्या बेअरिंगचा आवाज आला म्हणून चार दिवस थांबता येते. बॉल जॉइंट किंवा टायरॉडमध्ये प्ले सापडला तर थांबता येत नाही, कारण तो निसटला की चाक स्टिअरिंगचे ऐकत नाही. अशी गाडी घेऊन करूळ उतरू नये आणि ‘कोल्हापूरपर्यंत तरी नेऊ’ असेही म्हणू नये. गाडी गगनबावड्यातच लावावी, पार्ट एसटीने वर मागवावा आणि जुना पार्ट हातात घेऊन, हलवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.